श्रद्धा आणि रूढी यांच्यामधली रेघ

कावेरीकाठचे कुंभकोणम हे देवळांचे गाव म्हणून सर्वत्र ज्ञात आहे. कुंभेश्वर, सारंगपाणी, नागेश्वर, चक्रपाणी ही मोठी देवस्थाने आणि दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीला तळ्याच्या पायऱ्यांवर लोटणारा जनसमुदाय ही या गावाची रूढ प्रतिमा होय. मराठी वाचकाला ते आणखी एका नात्याने जवळचे आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याचा तो एक संपन्न भाग होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या टी. माधवरावांचा जन्म १८२८ साली येथल्याच एका मराठी भाषिक कुटुंबात झाला. या गावाची तिसरी ओळख मात्र सहसा लक्षात येत नाही. १८९९ पासून कुंभकोणम हे रोमन कॅथलिक धर्मप्रांताचे पीठ आहे. ज्या एलाकुरिची गावी बेस्की या इटालियन जेझुइटाने, म्हणजेच तमिळ साहित्यातील 'वीरमामुनिवर' यांनी, अठराव्या शतकात मारियामातेचे स्थान उभारले, ते गाव याच धर्मप्रांतात येते. 'तेम्बावणी' हे महाकाव्य रचणाऱ्या या परकी कवीला तमिळ भाषेने परके मानले नाही.

कावेरीच्या या खोऱ्यात ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेचा आणि आपल्या समाजाचा एकत्र विचार केला, तेव्हा प्रत्येक पिढीत एकच प्रश्न त्याच्यापुढे आला. श्रद्धा कोठे संपते आणि रूढी कोठे सुरू होते? मस्तकावरची शेंडी, लग्नातली फुले, प्रार्थनेतला राग, पंगतीतले स्थान यांपैकी देवाच्या आज्ञेशी संबंध कशाचा आहे आणि केवळ देशाचार कोणता? वरवर पाहता हा प्रश्न धर्मपंडितांचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे, कारण ही रेघ कोणी आखली यावर तिच्या कोणत्या बाजूला कोण राहणार हे ठरत आले आहे.

रेघ आखण्याचा पहिला मोठा प्रयत्न मदुरेचा. १६०६ साली तेथे आलेल्या रोबेर्तो दे नोबिली यांनी संन्याशाचा वेष घेतला, मांसाहार सोडला, संस्कृत आणि तमिळ आत्मसात केली. आणि जानवे, शेंडी, चंदनाचा टिळा ही लौकिक प्रतिष्ठेची चिन्हे असून त्यांचा उपासनेशी संबंध नाही, असे प्रतिपादन केले. १६२३ मध्ये रोमहून त्यांच्या या भूमिकेला मान्यता मिळाली. मराठीत फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये मुद्रित झाले होते; म्हणजे देशी भाषेला आणि देशी रूपाला ख्रिस्ती आशयाचे पात्र करण्याचे हे दोन्ही उद्योग जवळजवळ एकाच काळातले. दे नोबिलींच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. युरोपीय पोशाख म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे, हे त्यांनी आपल्याच लोकांना बजावले, आणि ते त्या शतकात बजावणे सोपे नव्हते.

परंतु त्या रेघेची किंमत कोणी मोजली, हे पुढे उघड झाले. उच्चवर्णीयांत वावरणाऱ्या धर्मगुरूने परैयरांमध्ये गेल्यास तो भ्रष्ट ठरणार. म्हणून खालच्या मानलेल्या जातींसाठी 'पंडारस्वामी' असा धर्मगुरूंचा वेगळा वर्ग निर्माण करावा लागला. मरणासन्न परैयराच्या झोपडीत प्रवेश करून अंतिम संस्कार देण्यास काही मिशनरी कचरत, कारण त्या उंबरठ्यापलीकडे त्यांची लौकिक प्रतिष्ठा संपत होती. हा वाद दशकानुदशके रोमला गाजत राहिला. अखेर १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी आज्ञा काढून मरणोन्मुख परैयरांच्या घरी जाऊनच संस्कार दिले गेले पाहिजेत असे ठरवले. जातिभेद हा देशाचार आहे, हे म्हणणे तर्काने कदाचित टिकलेही असते. झोपडीच्या उंबरठ्यावर ते टिकले नाही.

प्रॉटेस्टंट मिशनचा इतिहास वेगळा असला तरी हाच प्रश्न तेथेही उभा राहिला, आणि तंजावरात तर मराठी राजाच्या साक्षीने उभा राहिला. ब्रांडेनबुर्ग प्रांतात १७२६ साली जन्मलेले ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीला उतरले आणि पुढे तंजावरला स्थिरावले. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या सरफोजींचे संरक्षण आणि शिक्षण यांत श्वार्ट्झ यांचा मोठा वाटा होता. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ निवर्तले होते. गुरूच्या स्मरणार्थ राजांनी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्यांच्याजवळ उभा असलेला राजा असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा मराठी शिलालेख कोरवणारा राजा तो हाच. सरफोजींनी धर्म बदलला नाही, आणि गुरुभक्तीही सोडली नाही. सहिष्णुतेचा एवढा ठसठशीत पुरावा त्या काळात दुर्मिळ म्हणावा लागेल.

श्वार्ट्झ यांचा दुसरा शिष्य वेदनायक शास्त्री. त्यांचा जन्म १७७४ चा, पालयंकोट्टैचा, वेळ्ळाळ कुळातला. ही जमीनदार, ब्राह्मणेतर, पण तमिळ समाजात प्रतिष्ठित जात. बालवयातच श्वार्ट्झ त्यांना तंजावरला घेऊन आले. तरंगंबाडीला धर्मशिक्षण झाले, तंजावरात अध्यापन आणि काव्यरचना. 'बेथलेहेम कुरवंजी' हे त्यांचे कीर्तिस्थान. कुरवंजी हा तमिळ नाट्यगीतप्रकार: नायिकेची विरहावस्था, भविष्य सांगणारी डोंगरी कुरत्ती, पक्षी पकडणारा तिचा जोडीदार. देवळांच्या उत्सवात रुळलेल्या या साच्यात शास्त्रींनी ख्रिस्ताची कथा बसवली, आणि त्याच ओघात नव्या खगोलाचे आणि भूगोलाचे ज्ञानही गुंफले. मराठी अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटेल, कारण सरफोजींच्या नावावर असलेली 'देवेंद्र कुरवंजी' ही मराठी रचनाही पृथ्वीचा भूगोलच सांगते. एकाच गुरूचे दोन शिष्य. एक तमिळ ख्रिस्ती, दुसरा मराठी शैव राजा. आणि दोघांनीही युरोपीय विद्या देशी नाट्यप्रकारात, आपापल्या भाषेत आणली. १८०६ मध्ये तंजावरच्या छापखान्यात इसापच्या कथांचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी भाषांतर छापले गेले, तो काळही हाच. मराठी गद्याचा इतिहास बहुधा मुंबई-पुण्यापासून सांगितला जातो, त्यात तंजावरची ही प्रकरणे अंग चोरून बसलेली असतात.

श्वार्ट्झ यांच्या पिढीने जातीचा प्रश्न मिटवला नव्हता, झाकला होता. चर्च एक, पण वेळ्ळाळ एका बाजूला, परैयर दुसऱ्या बाजूला. प्रभुभोजन एक, पण वेळ्ळाळ आधी पुढे येणार, परैयर त्यानंतर. काळाने हे आपोआप विरघळेल अशी जुन्या जर्मन धर्मगुरूंची समजूत असावी. १८२० च्या दशकात आलेल्या नव्या मिशनऱ्यांना हे सहन झाले नाही. त्यांनी एकत्र बसण्याचा आणि एकत्र प्रभुभोजन घेण्याचा आग्रह धरला, आणि वेदनायक शास्त्री त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. १८२९ मध्ये त्यांनी जो प्रतिवाद लिहिला त्यात नव्या मिशनऱ्यांनी केलेले चार अन्याय मांडले आहेत. फाब्रिसियुस यांच्या पिढ्यानपिढ्या पाठ झालेल्या तमिळ बायबलऐवजी नवे सुधारित भाषांतर लादले. जातींची सरमिसळ केली. लग्नकार्यात आणि उत्सवात फुलांना बंदी केली. उपासनेतून तमिळ संगीत काढून टाकले.

ही यादी पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिच्यातील तीन तक्रारी आज कोणताही विवेकी वाचक मान्य करील. तमिळ ख्रिस्ती माणसाने वधूला मोगरा माळला तर तो मूर्तिपूजक होतो, ही कल्पना हास्यास्पद आहे. जर्मन कोरालच्या चालीत ईश्वर अधिक प्रसन्न होतो आणि कर्नाटक रागात कमी, असे मानण्याला शास्त्राचा कोणताही आधार नाही. बायबलच्या भाषेविषयीची तक्रार तर साहित्याचा प्रत्येक विद्यार्थी समजू शकेल. जी भाषा प्रार्थनेत जिरली आहे ती एका समितीच्या निर्णयाने बदलली की भाविकाच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे होते. या तिन्ही बाबतींत शास्त्री एका संस्कृतीच्या स्वाभिमानाने बोलत होते, आणि काळाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची कीर्तने तमिळ चर्चमध्ये आज गायली जातात.

पण चौथी तक्रार या तिघींच्या मध्ये, त्यांच्याच पंक्तीला बसवलेली आहे. शास्त्रींच्या लेखी फुले, राग आणि जात ही एकाच कोटीतली गोष्ट होती: आमच्या देशाचा आचार, त्यात परदेशी माणसाने ढवळाढवळ करू नये. त्यांनी हे कपटाने लिहिले असे म्हणता येत नाही. ते निर्मळ श्रद्धेचे, आयुष्यभर विपन्नता पत्करूनही शुभवर्तमान गाणारे गृहस्थ होते. म्हणूनच हे प्रकरण अधिक अस्वस्थ करते. ढोंग्याची जातीयता समजायला सोपी असते. येथे एक खरा भक्त, खरा कवी, आपल्या शेजारी बसणाऱ्या सहधर्मीयाचा स्पर्श टाळण्याचा हक्क मोगऱ्याच्या माळेइतकाच निष्पाप मानतो. फुलाने कोणाचा अपमान होत नाही. रागदारीने कोणी मागे लोटला जात नाही. जातीच्या आचाराने मात्र समोर एक माणूस मागे लोटला जातो, आणि त्या माणसाला हा 'आचार' कसा दिसतो हे शास्त्रींनी विचारलेले नाही. परैयर ख्रिस्ती हा त्यांच्या युक्तिवादाचा विषय आहे; त्या युक्तिवादाचा श्रोता तो कोठेही नाही.

प्रतिपक्षही निर्दोष नव्हता, हे सांगितले पाहिजे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये परिपत्रक काढून चर्चमधील जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडावा अशी आज्ञा दिली. आज्ञा न्याय्य होती. पण ज्या इंग्लंडातून ती आली तेथे चर्चमधली बाके भाड्याने दिली जात, पैसेवाल्याचे बाक पुढे आणि गरिबाने मागे बसावे किंवा उभे राहावे हा तेथला शिष्टाचार होता, आणि त्याला कोणी अधर्म म्हणत नव्हते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या मिशनऱ्याचा बंगला आणि देशी उपदेशकाचे घर यांतले अंतर हेही आचारातच जमा होते. स्वतःच्या रूढीला शिष्टाचार आणि दुसऱ्याच्या रूढीला पाप म्हणण्याची सोय सत्ताधाऱ्याला नेहमीच उपलब्ध असते. शास्त्रींचा संताप याच दुटप्पीपणावर होता, आणि तो अकारण नव्हता. मात्र न्यायाधीश दोषी आहे म्हणून आरोपी निर्दोष ठरत नाही.

मिशनशी बिघडल्यावर शास्त्रींना आधार मिळाला तो सरफोजी राजांच्याच दरबारात. ख्रिस्ती कवीला हिंदू राजाने मानधन देऊन ख्रिस्ती काव्यच करू द्यावे, ही घटना सुंदर आहे, आणि तंजावरच्या इतिहासकारांनी तिचे कौतुक करावे हे योग्यच. परंतु राजाची सहिष्णुता आणि कवीची रूढिप्रियता यांचे येथे जुळले, हेही नजरेआड करू नये. सहिष्णुता दोन धर्मांमधल्या भिंतीत दार उघडते. एकाच धर्माच्या आतल्या भिंतीकडे पाहण्याची तिला गरज वाटत नाही. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि भोसले घराण्याच्या विश्वस्ततेखालील आणखी नव्वद मंदिरे दलितांना खुली व्हायला १९३९ साल उजाडावे लागले.

आचार आणि धर्म यांच्यातली ही रेघ मुळातच कपटी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू पाहील तर कुंभकोणमच्याच एका मराठी माणसाचे उदाहरण आडवे येते. माधवरावांचे नातलग दिवाणबहादुर आर. रघुनाथराव (१८३१–१९१२) हे इंदूरची दिवाणगिरी करून परतल्यावर विधवाविवाहाच्या चळवळीत पडले. १८८७ साली मद्रासला सामाजिक परिषद स्थापन झाली तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांबरोबर त्यांचे नाव होते. रघुनाथराव सनातन हिंदू होते आणि त्यांचा सारा युक्तिवाद शास्त्राधाराचा होता: बालविधवेचे वैधव्य ही रूढी आहे, शास्त्राची आज्ञा नव्हे. म्हणजे त्यांनीही तीच रेघ आखली. फरक इतकाच की शास्त्रींनी रूढीला धर्मापासून वेगळे केले ते रूढी सुरक्षित राहावी म्हणून, तर रघुनाथरावांनी वेगळे केले ते रूढी सोडता यावी म्हणून. एकाच्या रेघेआड वरच्या पायरीवरचा माणूस उभा राहिला, दुसऱ्याच्या रेघेआड खालच्या पायरीवरची बालिका. कुंभकोणमच्या शास्त्र्यांनी आणि मठाच्या अनुयायांनी रघुनाथरावांना काय मानले असेल याची कल्पना करता येते.

महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या क्रमाने सुटला, आणि तो क्रम लक्षणीय आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी, १९०० मध्ये. मधल्या काळात त्या पतीजवळ राहायला आल्या त्याही आपला सोवळ्याचा स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की लक्ष्मीबाईंच्या मनातले परिवर्तन धर्मग्रंथाच्या चर्चेतून झाले नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, असा विचार त्यांच्या मनात आला, त्या माणसाने केल्या असे त्यांना दिसले, आणि त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. म्हणजे त्यांची जात आधी गेली आणि धर्म मागाहून बदलला. वेदनायक शास्त्रींच्या घराण्यात देव आधी बदलला आणि जात मागे राहिली. आयुष्यभर ईश्वराविषयी लिहिणाऱ्या पंडित कवीला जे दिसले नाही ते अक्षरओळखीपलीकडे फारसे न शिकलेल्या गृहिणीला घागरीजवळ दिसले.

अर्थात यात केवळ व्यक्तींचा गुणदोष नाही. नगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आलेल्या होत्या. तेथे आलेल्या ब्राह्मणाला त्यांच्या पंगतीला जाऊन बसावे लागे. दुसरी पंगत नव्हती. तंजावरच्या जुन्या मंडळीत वेळ्ळाळांचे वजन होते आणि त्यांना आपली पंगत राखता येत होती. मराठी ख्रिस्ती समाजात जातीचे अवशेष उरले नाहीत असे नव्हे. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातल्या तेढीने मिशनऱ्यांना वर्षानुवर्षे त्रस्त केले. पण टिळकांचे अभंग आणि कीर्तने ज्यांच्यासमोर झाली तो श्रोता बहुसंख्येने दलित होता, आणि याचा त्या काव्यातल्या सलगीशी संबंध असावा.

पंडिता रमाबाईंचे स्मरणही येथे अटळ आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अँग्लिकन अधिकाऱ्यांशी आणि आपल्या धर्ममातेशी जो पत्रव्यवहार केला, त्यात परकी धर्मसत्तेपुढे न वाकणारा तोच बाणा दिसतो जो वेदनायक शास्त्रींत होता. कोणते मत मानावे, काय खावे, मुलीला कसे वाढवावे, हे आपली सद्सद्विवेकबुद्धी ठरवील, असे त्यांनी ठणकावले. शाकाहारासारखा आपला आचार त्यांनीही राखला. पण रमाबाईंनी राखलेल्या आचारांत दुसऱ्याला दूर ठेवणारे काही नव्हते. मुक्तिसदनाच्या दारात त्या मुलीची जात विचारत नव्हत्या. स्वाभिमान आणि अहंकार या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलतात, एकाच शब्दांत बोलतात. त्यांना वेगळे करायला दारात कोण उभा आहे हे पाहावे लागते.

कुंभकोणमपासून मायवरम् (आजचे मयिलाडुतुरै) फार दूर नाही. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुन्सफ होते सॅम्युअल वेदनायकम् पिळ्ळै (१८२६–१८८९). ते कॅथलिक, तेही वेळ्ळाळ. तमिळमधली पहिली कादंबरी 'प्रताप मुदलियार चरित्रम्' ही त्यांचीच. ती १८७९ मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार त्यांनी पद्यात आणि गद्यात केला. सर्व धर्मांना म्हणता येतील अशी कीर्तने रचली. कोर्टाचे निवाडे तमिळमध्ये आणले, कारण पक्षकाराला स्वतःचा निकाल वाचता येत नाही याची त्यांना खंत होती. त्यांच्या लेखनात ख्रिस्ताचे नाव वेदनायक शास्त्रींच्या मानाने फार कमी वेळा येते. श्रद्धेचे चिंतन त्यांनी न्यायासनावर बसून केले, असे म्हणावे लागेल. त्यांचे स्नेही गोपालकृष्ण भारती यांनी याच परिसरात 'नंदनार चरित्रम्' रचले, ज्यात चिदंबरमच्या नटराजाच्या दर्शनासाठी तळमळणाऱ्या परैयर भक्ताची कथा आहे. चोखोबांच्या अभंगांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही कथा नवी नाही. नंदनार अखेर अग्निप्रवेश करून, ब्राह्मणरूप पावून, मगच गाभाऱ्यात पोचतो. ज्या देहाने तळमळ सोसली त्या देहाने प्रवेश नाही. भक्तिपरंपरेनेही रेघ आखली होती. फक्त ती पुसण्याचे काम तिने चमत्काराकडे सोपवले.

वेदनायक शास्त्रींच्या १८२९ च्या लेखनाला उत्तर यायला एकशे त्रेसष्ट वर्षे लागली. बामा यांचे 'करुक्कु' १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. परैयर कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या, गरिबांच्या मुलींना शिकवावे म्हणून नोकरी सोडून मठात गेलेल्या, आणि मठात जात व संपत्ती यांचेच राज्य पाहून काही वर्षांत बाहेर पडलेल्या स्त्रीचे हे आत्मकथन आहे. करुक्कु म्हणजे ताडाच्या पानाची करवतीसारखी कड. दलित आत्मकथनांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या पुस्तकातले अनुभव ओळखीचे वाटतील. पण त्याची धार अन्यत्र आहे. दया पवार किंवा शांताबाई कांबळे यांनी सांगितलेला समाज देवाच्या नावाने समतेचे वचन देत नव्हता. बामांच्या धर्माने ते दिले होते. म्हणून त्यांचे दुःख अन्यायाइतकेच वचनभंगाचे आहे. आणि तरीही त्या ख्रिस्ताला सोडत नाहीत. मठाने आणि पाद्र्यांनी शिकवलेल्या आज्ञाधारक देवाच्या जागी त्या दलितांच्या बाजूने लढणारा ख्रिस्त शोधतात. शास्त्रींच्या युक्तिवादात जो केवळ विषय होता तो येथे बोलता झाला आहे, आणि श्रद्धा कोणती व रूढी कोणती हे आता तो ठरवू पाहत आहे. साहित्याच्या इतिहासात 'बेथलेहेम कुरवंजी'ला जे मानाचे पान मिळते त्याला कोणाची हरकत नसावी. परंतु त्या पानाशेजारी १८२९ ची यादीही असावी आणि तिच्याशेजारी 'करुक्कु'. एकाच परंपरेचे हे तीन दस्तऐवज वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्याने कवीची प्रतिष्ठा वाढत नाही.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या प्रश्नाला आणखी एक पीळ दिला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंना मिळाला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो देण्यात आला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. त्यामागचा तर्क असा, की ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, तेव्हा ख्रिस्ती झालेल्याला जातीचा जाच कसला? मद्रासच्या एका चर्मकाराची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळली ती धर्मांतरानंतरही तसाच जाच सोसावा लागतो याचा पुरावा पुरेसा नाही म्हणून. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धार्मिक अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. या तर्कामुळे चर्चची विलक्षण कोंडी झाली. आमच्यात जात नाही, असे म्हणावे तर दलित ख्रिस्तींचा हक्क बुडतो. आहे, असे म्हणावे तर दोन शतकांची घोषणा खोटी ठरते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तमिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाविषयी स्पष्ट शब्दांत बजावले होते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चच्या आतील अस्पृश्यतेची कबुली दिली. २०२२ मध्ये अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले. या घटना लहान नाहीत. त्या वरून खाली आलेल्या आहेत, १८३३ च्या परिपत्रकासारख्या, हेही तितकेच खरे.

खालून वर आलेला आवाज कुंभकोणम धर्मप्रांतातूनच ऐकू आला. तिरुचिरापळ्ळी जिल्ह्यातील कोट्टपाळयम या गावच्या दलित कॅथलिकांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठापुढे गाऱ्हाणे मांडले, की चर्चच्या वार्षिक उत्सवातील सहभागापासून दफनभूमीपर्यंत त्यांना भेदभाव सोसावा लागतो. खंडपीठाने २०२४ मध्ये याचिका फेटाळली. याचिकाकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या न्यायालयाने प्रतिपक्षांना नोटीस काढली. आरोपांची शहानिशा न्यायालय करील. पण या लोकांनी काय मागितले आहे ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी धर्म सोडण्याची धमकी दिलेली नाही, नवा धर्मही मागितलेला नाही. गावातल्या मारिया माग्दालेनाच्या उत्सवात इतरांप्रमाणे आपलीही वर्गणी घेतली जावी, रथ आपल्याही गल्लीत यावा, आणि मेल्यावर आपल्याला इतरांच्या शेजारी पुरावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.